हाउजीत हळहळ हवी, भांडण नको

प्रश्न: आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत साठ घरं आहेत. कोजागरीला गच्चीवर मसाला दूध आणि हाउजी, म्हणजे पुकारलेले नंबर आपल्या तिकिटावर कापत जायचा खेळ, असा बेत दरवर्षी असतो. घरटी दोन तिकिटं, म्हणजे १२०. गेल्या वर्षी मात्र रंगाचा बेरंग झाला. पुढचा नंबर पुकारल्यावर एका काकूंनी मागच्या नंबरावर वरची ओळ झाल्याचं सांगितलं आणि वाद पेटला. अर्ली फाइव्ह, म्हणजे तिकिटावरचे कोणतेही पाच नंबर सर्वांत आधी कापले जाणं, तिघांना एकदम लागलं आणि बक्षीस होतं एकच डबा. मधे बराच वेळ कुणालाच काही लागेना, तेव्हा मुलं उठून गेली. यंदा जबाबदारी माझ्यावर आली आहे. सासरे म्हणतात, हा जुगार आहे, बंद करा. दीर म्हणतात, न्यू जर्सीच्या नातेवाइकांनाही ऑनलाइन पैसे भरून खेळात घेऊ. मला स्वतःला हा खेळ मनापासून आवडतो. ‘यात डोकं काय लागतं’ हे ऐकून कंटाळा आलाय. हाउजी नीट कशी खेळवायची?
– एक वाचक

उत्तर:

नमस्कार. खेळणाऱ्याला डोकं लागत नाही हे कबूल करून टाका, कारण गंमत त्यातच आहे. सात वर्षांची नात आणि सत्तर वर्षांचे आजोबा ज्यात खरोखर बरोबरीने खेळू शकतात असे खेळ फार नाहीत. पत्त्यांत आजोबा जिंकतात, मोबाइलवर नात. हाउजीत दोघांच्या हातात १५ नंबर आणि पिशवीत ९०. डोकं लागतं ते खेळवणाऱ्याला, आणि गेल्या वर्षीची तुमची तिन्ही भांडणं खेळवण्यातलीच आहेत.

आधी सामान. तिकिटावर ३ ओळी आणि ९ रकाने असतात. प्रत्येक ओळीत ५ नंबर, बाकी घरं रिकामी. पहिल्या रकान्यात १ ते ९, दुसऱ्यात १० ते १९, असं करत शेवटच्या रकान्यात ८० ते ९०. कोणताही रकाना पूर्ण रिकामा नसतो. चांगल्या छापाच्या पुस्तकात सहा तिकिटांची एक पट्टी असते आणि त्या पट्टीत १ ते ९० हे सगळे नंबर एकेकदाच येतात. पुस्तक विकत घेताना एखादी पट्टी तपासा; एखादा नंबर त्यात दोनदा दिसला तर ते पुस्तक परत ठेवा. तुम्हाला अशा २० पट्ट्या लागतील. एका घराला दोन तिकिटं द्याल ती एकाच पट्टीतली द्या. दोन्हींवर मिळून ३० वेगवेगळे नंबर येतात, म्हणजे दर तीन नंबरांमागे साधारण एकदा त्या घरात पेन चालतं. वेगवेगळ्या पट्ट्यांतली दिली तर तेच नंबर दोन्हींवर येऊ शकतात आणि बसून राहण्याचा वेळ वाढतो.

पुस्तक कमी पडलं म्हणून झेरॉक्स मात्र काढू नका. एकाच तिकिटाच्या दोन प्रती मैदानात उतरल्या की त्या दोघांना प्रत्येक बक्षीस एकदमच लागणार. एकाच छापाची दोन पुस्तकं आणली तरी हेच होतं. त्यामुळे तिकिटांचे अनुक्रमांक आणि पहिल्या दोन पट्ट्यांवरचे नंबर जुळवून बघा. गेल्या वर्षी तिघांना एकदम लागलं त्यामागे हे कारण होतं का, तेही एकदा तपासा. नसलं तरी अर्ली फाइव्हला बरोबरी होणं अगदी नेहमीचं आहे. ते का, हे पुढे येतंच.

पिशवीतल्या सोंगट्या आदल्या दिवशी जमिनीवर ओळीने मांडून मोजा. ९० भरल्या नाहीत तर खेळ अर्ध्यावर अडतो, आणि फुल हाउसला, म्हणजे तिकिटावरचे पंधराही नंबर पूर्ण व्हायला, नेमका हरवलेलाच नंबर हवा असलेला माणूस वर्षभर तुम्हाला ऐकवतो. सोंगट्यांवर इंग्रजी आकडे असतात आणि ते उलटे धरले की फसवतात. ६ चा ९ होतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण १८ उलटा धरला की ८१ दिसतो, १९ चा ६१ आणि ६८ चा ८९. तेव्हा ६, ९, १८, ८१, १९, ६१, ६८ आणि ८९ या आठ सोंगट्यांवर आकड्याखाली पक्क्या शाईने रेघ मारून घ्या. पिशवी रुंद तोंडाची हवी. अरुंद बटव्यात सोंगट्या हलतच नाहीत, वरच्या वरच राहतात. दर आठ-दहा नंबरांनंतर आत हात घालून तळापासून ढवळा. मोबाइलच्या ॲपवर नंबर काढणार असाल तर फोन एअरप्लेन मोडवर ठेवा आणि आपोआप नंबर बदलण्याची सोय बंद करा. आमचं मत विचाराल तर पिशवीच बरी. हात आत गेला की अख्खी गच्ची गप्प होते. फोनच्या पडद्यामुळे तसं होत नाही.

आता काकूंचा वाद. नियम असा ठेवा: ज्या नंबराने ओळ पूर्ण झाली त्याच नंबरावर दावा करायचा आणि पुकारणाऱ्याचा हात पुढच्या नंबरासाठी पिशवीत गेला की मागची वेळ संपली. ‘पुढचा नंबर पुकारेपर्यंत’ असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो, पण नंबर तोंडातून अर्धा निघाला की पूर्ण, यावरच मग भांडणं होतात. हात पिशवीत गेलेला सगळ्यांना दिसतो. उशिरा केलेला दावाही चालवून घ्यावा असं तुम्हाला वाटेल, वयस्कर माणसं असतात म्हणून. तसं करू नका. एकदा सूट दिली की एकाची ओळ ३२व्या नंबराला झालेली, दुसऱ्याची ३४व्याला, आणि दोघंही एकदम ओरडतात. मग बक्षीस कुणाचं हे ठरवायला काही आधारच उरत नाही. त्याऐवजी वेग कमी ठेवा. नंबर दोनदा पुकारा, पाच सेकंद थांबा, ‘आहे कुणाचं?’ विचारा आणि मगच हात आत घाला. काकूंना कडक नियमाचा नव्हे, घाईचा त्रास झाला असावा.

पुकारण्याची पद्धतही बघा. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेपन्न आणि त्रेसष्ट, सदतीस आणि सत्तेचाळीस हे लाउडस्पीकरवर सारखेच ऐकू येतात. इंग्रजीत पुकारलं तर थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी. म्हणून आधी आकडे सुटे सांगा, मग पूर्ण नंबर: ‘पाच, नऊ – एकोणसाठ.’ इंग्रजी माध्यमातल्या मुलांची यात मोठी सोय होते. (२०१९मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशा संख्यावाचनाचा पर्याय दिला तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला होता, हाउजीच्या माइकवर मात्र त्या पद्धतीचे उपकारच होतात.)

नंबराला जोडून एखादं वाक्य टाकलं की खेळाला चव येते. इंग्रजी ठेवणीतली जुनी वाक्यं वापरायची गरज नाही, आपल्याकडे माल भरपूर आहे. अष्टविनायक ८, बारा ज्योतिर्लिंगं, चौदा विद्या, सोळा सोमवार, गणपतीचे एकवीस मोदक, सत्तावीस नक्षत्रं, युगे अठ्ठावीस, बावन्न पत्ते, छप्पन भोग, चौसष्ट कला. इतिहासातून घ्या: शिवजन्म ३०, पानिपत ६१, राज्याभिषेक ७४, सत्तावनचा उठाव, बेचाळीसचं चले जाव, बहात्तरचा दुष्काळ, त्र्याऐंशीचा विश्वचषक. ‘छत्तीसचा आकडा’ निघाला की आपोआप दोन शेजाऱ्यांकडे माना वळतात, त्याला इलाज नाही. ८८ला जाड बायकांवरून मारायचा तो जुना विनोद सोडून द्या. समोर बसलेल्या कुणाला तरी तो लागतो आणि ती व्यक्ती हसून दाखवते. एवढं सांभाळा की वाक्य नंबरानंतर यावं. निव्वळ कोडं घालून नंबर ओळखायला लावला तर मागे बसलेल्यांचा नंबर चुकतो.

आता मुलं का उठली. याचं उत्तर गणितात आहे आणि ते एकदा समजलं की बक्षिसं कशी लावायची ते कळतं. १२० तिकिटं असतील तर अर्ली फाइव्ह साधारण नवव्या-दहाव्या नंबराला लागतं. चार कोपरे, म्हणजे वरच्या आणि खालच्या ओळीचे पहिले-शेवटचे नंबर, २६च्या आसपास. वरची, मधली, खालची ओळ तिन्ही ३३-३४च्या आगेमागे, त्यामुळे ही तीन बक्षिसं पटापट निघून जातात. आणि फुल हाउस थेट ६६च्या आसपास. प्रत्यक्ष खेळात हे पाच-सात नंबर इकडेतिकडे होतं, पण आकार तोच राहतो: ३५ ते ६५ या तीस नंबरांत कुणालाच काही मिळत नाही. पंधरा सेकंदाला एक नंबर धरला तरी ती आठ मिनिटं झाली. मुलं तिथेच उठतात.

या पोकळीत एक बक्षीस ठेवा: ‘कुठल्याही दोन ओळी’. एकाच तिकिटावरच्या तीनपैकी कोणत्याही दोन ओळी, म्हणजे दहा नंबर, पूर्ण झाले की दावा. १२० तिकिटांना हे ५०व्या नंबराच्या जवळपास लागतं, बरोबर मधोमध. याच्यासाठी वेगळी तयारी काही लागत नाही आणि एक ओळ आधीच झालेल्यांनाही पुन्हा आशा वाटते. पहिल्या फुल हाउसनंतर दुसरंही ठेवा. ते आणखी तीन-चार नंबरांतच येतं. तिसऱ्यासाठी थांबू नका. लोक चपला शोधायला लागलेले असतात.

तिघांना एकदम लागल्याचं कारणही याच गणितात आहे. नवव्या नंबराला चार-पाच तिकिटांवर चार-चार नंबर कापलेले असतात आणि त्यांतल्या कुणाचाही पाचवा निघू शकतो. १२० तिकिटांत साधारण पाच खेळांमागे एकदा अर्ली फाइव्ह दोघांना किंवा जास्त जणांना एकदम लागतं. फुल हाउसला असं दहा-बारा खेळांत एकदा होतं, एखाद्या ओळीला त्याहून कमी. म्हणून अर्ली फाइव्हचं बक्षीस कधीही एकसंध वस्तू ठेवू नका. डबा कापता येत नाही. चिवड्याची किंवा सुक्या मेव्याची चार सारखी पाकिटं ठेवा: एकाला लागलं तर चारही त्याची, दोघांना लागलं तर दोन-दोन, तिघांना लागलं तर एकेक आणि उरलेलं नंबर काढणाऱ्याला. फुल हाउसला मात्र वस्तूच शोभते. तिथे बरोबरी झाली तर चिठ्ठी टाका, आणि चिठ्ठीत हरलेल्याला दुसऱ्या फुल हाउसचं बक्षीस द्या. दुसरं फुल हाउस मग खेळायचं नाही. हे आधी जाहीर करा.

दोन हजार रुपये खर्च धरला तर वाटणी अशी: अर्ली फाइव्ह १५०, चार कोपरे २००, तीन ओळींना २०० प्रमाणे ६००, कुठल्याही दोन ओळी ३००, फुल हाउस ५००, दुसरं फुल हाउस २५०. फुल हाउस यापेक्षा फुगवू नका. एकच बक्षीस फार मोठं झालं की बाकीची सात बक्षिसं कुणी मनावर घेत नाही आणि तपासणीच्या वेळी चेहरे ताणले जातात.

तपासणी ही वेगळ्या माणसाची जागा आहे. पुकारणाऱ्याने फक्त नंबर काढावा. शेजारी दुसऱ्याने १ ते ९०चा तक्ता घेऊन बसावं आणि निघालेला प्रत्येक नंबर त्यावर खोडावा. दावा झाला की तिकीट त्याच्याकडे आणायचं, नंबर मोठ्याने वाचायचे, तक्त्यावर जुळवायचे. त्याने स्वतः खेळायचं नाही. लोकांना सांगा की नंबर गिरगटून टाकू नका, एकच तिरपी रेघ मारा, म्हणजे खालचा आकडा वाचता येतो. दावा खोटा निघाला तर त्याला बोगी म्हणतात आणि क्लबात अशा तिकिटाला त्या खेळातून बाद करतात. सोसायटीत लहान मुलं असतात, तेव्हा पहिल्या बोगीला फक्त तेवढं बक्षीस बाद, दुसऱ्या बोगीला तिकीट बाद, एवढं पुरे. तपासनीस म्हणून तुमच्या सासऱ्यांना बसवा, असं आम्ही अगदी गंभीरपणे सुचवतो. विरोध करणारा माणूस सहसा काटेकोर असतो.

त्यांच्या आक्षेपात तथ्य आहे, तो उडवून लावू नका. महाराष्ट्रात जुगार प्रतिबंधाचा १८८७चा कायदा आजही लागू आहे. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. हाउजीत कौशल्य नसल्यामुळे ती सूट मागता येणार नाही. साधा मार्ग असा की तिकिटं फुकट वाटा, बक्षिसं वस्तूंच्या रूपात ठेवा आणि खर्च सांस्कृतिक निधीतून, सभेत मान्य करून करा. कुणी काही पणाला लावलेलंच नसलं की सासऱ्यांचा मूळ मुद्दाच मिटतो. तिकिटाला पैसे घेऊन रोख बक्षीस द्यायचं ठरत असेल तर त्याआधी वकिलाचा सल्ला घ्या.

भिशीच्या मंडळात पैशाने हाउजी होते तिथे एक गोष्ट हमखास घडते: दहाचं तिकीट वीसचं होतं, वीसचं पन्नासचं, आणि मग एखादी मैत्रीण हळूच यायची बंद होते. तिने कारण सांगितलेलं नसतं. हरलेलं भरून काढायला ‘आणखी एक डाव’ म्हणणारं कुणी दिसलं तर डाव तिथेच थांबवावा. पिशवीला मागचा डाव आठवत नाही. सलग पाच वेळा हरलेल्या तिकिटाची आणि पाच वेळा जिंकलेल्याची संधी सहाव्या खेळात सारखीच असते. तिकीट निवडण्याची युक्ती, शुभ नंबर, ‘माझं ७ असलेलंच तिकीट दे’ हे सगळं लाडाने चालू द्या, त्याने काही बिघडत नाही, पण त्यावर पैसे लावू देऊ नका.

आणि आवडीबद्दल. कुणी फुल हाउस पुकारतं त्या क्षणी तुमच्या १२० तिकिटांपैकी साधारण पाच तिकिटांचा एकच नंबर राहिलेला असतो आणि पंधराएक तिकिटांचे दोन. म्हणजे गच्चीवरची वीस माणसं एकदम ‘अरे, माझा एकच राहिला होता!’ किंवा ‘दोनच!’ म्हणतात आणि ती सगळी खरं बोलत असतात. प्रत्येकाला वाटतं की नशिबाने आपल्यालाच हुलकावणी दिली. ही सामुदायिक हळहळ हाउजीचा खरा माल आहे, बक्षीस हे निमित्त. ती दहा मिनिटं रंगू द्या, पुढचा खेळ लगेच सुरू करू नका. सगळं धरून एक खेळ अर्ध्या तासाचा होतो. पहिला दुधाआधी, दुसरा दुधानंतर. तिसरा नको.

राहिले दीर. पैसे लावून ऑनलाइन खेळ खेळवण्यावर २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, तेव्हा पैसे भरून नातेवाइकांना खेळवण्याची कल्पना सोडून द्या. फुकट तिकिटावर त्यांना जरूर घ्या. रात्री ९ला सुरुवात केलीत तर न्यू जर्सीत तेव्हा सकाळचे साडेअकरा असतात, अडचण नाही. अडचण आवाज उशिरा पोचण्याची आहे: व्हिडिओ कॉलवर नंबर त्यांच्यापर्यंत जाईपर्यंत आणि त्यांचं ‘आहे!’ इकडे येईपर्यंत हात पिशवीत गेलेला असतो. म्हणून त्यांच्या तिकिटाचा फोटो त्यांना पाठवा, पण मूळ तिकीट गच्चीवरच्या एखाद्या भाचीच्या हातात द्या आणि दावा तिनेच करायचा असं ठरवा. ते तिकडची बिंगोची कार्डं काढून बसले तर तेवढं आधी थांबवा. त्या कार्डावर पाच गुणिले पाच घरं असतात, मधलं घर मोफत, आणि नंबर फक्त ७५पर्यंत. तुमच्या पिशवीतून ७५च्या पुढचं काही निघालं की ते नुसतेच बघत बसतील.